‘ब्लोस्त पो कॉनफेक्तेन’ म्हणताना या चुका टाळा

हमखास मिळणार असे धरून चाललेली आनंदाची गोष्ट ऐनवेळी हुकली, की स्वीडिश माणूस ‘या ब्लेव ब्लोस्त पो कॉनफेक्तेन’, म्हणजे शब्दशः ‘मिठाईबाबत मी फसवला गेलो’, असे म्हणतो. यातील ‘कॉनफेक्त’ म्हणजे मिठाई, आणि ‘ब्लोसा’ या क्रियापदाचा मूळ अर्थ फुंकणे किंवा वारा वाहणे असा असला, तरी बोलीभाषेत त्याचा अर्थ फसवणे असाही होतो. ‘ब्लोस्त’ऐवजी ‘स्नूवाद’ किंवा ‘लूराद’ म्हटले तरी चालते. स्टॉकहोम, गोथेनबर्ग अशा शहरांत नोकरीनिमित्त गेलेली मराठी मंडळी एसएफआय या स्थलांतरितांना स्वीडिश शिकवणाऱ्या सरकारी वर्गांत व्याकरण शिकतात. पण असले वाक्प्रचार त्यांच्या कानावर पडतात ते बहुधा कार्यालयातील कॉफीच्या सुट्टीत, म्हणजे ‘फिका’च्या वेळी. अर्थ अंदाजाने कळतो, मात्र मर्यादा कळत नाहीत, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

घास आणि मिठाई यांत गल्लत

सर्वांत मोठी चूक मराठीच्या ओढीने होते. आपल्याला चटकन आठवतो तो ‘हातातोंडाशी आलेला घास हिरावला जाणे’ हा वाक्प्रचार, आणि तो बराच जवळचाही आहे. परंतु अवकाळी पावसाने उभे पीक आडवे झाले, तरी आपण शेतकऱ्याच्या तोंडचा घास गेला असेच म्हणतो. म्हणजे आपल्या घासात माणसाची उपजीविका मावते. स्वीडिश वाक्प्रचारात हुकते ती मिठाई. जेवण होऊन गेलेले असते आणि वर मिळणारी गोडाची वस्तू तेवढी जाते. त्यामुळे नोकरी जाणे, निवास परवाना नाकारला जाणे, आजारपण किंवा मृत्यू अशा प्रसंगी हे शब्द वापरू नयेत. परवाना नाकारला गेलेल्या मित्राला कोणी ‘दू ब्लेव ब्लोस्त पो कॉनफेक्तेन’ असे म्हटले, तर त्याच्या संकटाची थट्टा केल्यासारखे होते, आणि परक्या देशात असे बोलणे फार लागते. अशा वेळी ‘निराश’ या अर्थाचा ‘बेस्वीकेन’ हा साधा शब्दही अनेकदा तोकडा पडतो. ‘वा लेद्सामत’, म्हणजे ‘फार वाईट झाले’, एवढेच म्हणणे बरे.

योग्य प्रसंग कोणता, हे एका उदाहरणावरून पाहू. उत्तर स्वीडनमधील आबिस्कू हे गाव उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी प्रसिद्ध आहे. स्टॉकहोमहून रात्रभर रेल्वेने प्रवास करून तिथे पोहोचावे आणि मुक्कामभर आकाश ढगांनी गच्च भरलेले असावे, असे पुष्कळ पर्यटकांच्या वाट्याला येते. परत आल्यावर ‘वी ब्लेव ब्लोस्ता पो कॉनफेक्तेन’ असे म्हणणे अगदी चपखल बसते, कारण इथे अपेक्षा होती, ती पुरी होण्याची वाजवी आशा होती आणि हुकली ती हौस होती. शिवाय क्रियापदाचा अर्थ फसवणे असला, तरी इथे कोणी फसवणारा नाही, हेही ध्यानात घ्यावे. ढग, पाऊस किंवा ऐनवेळी आजारी पडलेला गायक, यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते. म्हणूनच ‘तोंडाला पाने पुसणे’ हा आपला वाक्प्रचार इथे जुळत नाही. त्यात पाने पुसणारा कोणीतरी लागतोच. उलट, मुळात कसली अपेक्षाच नव्हती, तिथे केवळ दुर्दैव सांगण्यासाठी हे शब्द वापरणेही चूकच.

मिठाई गाळली, तर अर्थ पालटतो

बोलण्याच्या ओघात ‘पो कॉनफेक्तेन’ हा भाग गाळण्याचा मोह होतो, आणि तो महागात पडू शकतो. ‘या ब्लेव ब्लोस्त’ एवढेच म्हटले, तर ‘मी फसवला गेलो’ असा सरळ अर्थ होतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात पैशांच्या फसवणुकीचा विचार येतो. घरमालकाने कबूल केलेली बाल्कनी दुरुस्तीमुळे उन्हाळाभर बंद राहिली, यावर हळहळायचे असताना ‘या ब्लेव ब्लोस्त आव मीन हीरेसवेर्द’ असे वाक्य तोंडून गेले, तर आपण घरमालकावर लबाडीचा आरोप केलेला असतो. त्यातच ‘ब्लेव’च्या जागी ‘एर’ आले, तर आणखी घोटाळा होतो, कारण ‘या एर ब्लोस्त’ म्हणजे ‘मी मूर्ख आहे’. ‘ब्ली’ हे क्रियापद घडणे दाखवते आणि ‘एर’ हे असणे दाखवते. इथे तो फरक कटाक्षाने पाळावा. मनातील भावना सांगायची असेल, तर ‘या शेन्नेर मेय ब्लोस्त पो कॉनफेक्तेन’ असे म्हणता येते.

‘स्नूवाद’ वापरणाऱ्यांनी ‘स्नूविग’पासून सावध राहावे, कारण ‘स्नूविग’ म्हणजे सर्दी झालेला.

शब्दयोगी अव्ययांकडेही लक्ष हवे. या वाक्प्रचारात ‘पो’च्या पुढे हुकलेली वस्तू येते, आणि कोणी हुकवली हे सांगायचेच असेल, तर त्या व्यक्तीच्या नावाआधी ‘आव’ येते. गोंधळ होतो तो ‘बेस्वीकेन पो’मुळे, कारण तिथे ‘पो’नंतर ज्याने निराश केले तो माणूस येतो. ‘बेस्वीकेन पो’ची सवय जडलेला विद्यार्थी इथेही ‘पो’नंतर माणसाचे नाव घालतो, आणि मग जणू तो माणूसच हुकलेली मिठाई ठरतो.

लिंग आणि वचन यांचे नियम मराठी माणसाला जड जाऊ नयेत. एक माणूस असेल तर ‘ब्लोस्त’ आणि अनेक असतील तर ‘ब्लोस्ता’. ‘स्नूवाद’चे अनेकवचन ‘स्नूवादे’ होते, आणि ‘बार्नेत’, म्हणजे ते मूल, अशा नपुंसकलिंगी नामासोबत ‘स्नूवात’ हे रूप येते. ‘ब्लोस्त’ मात्र नपुंसकलिंगातही तसेच राहते, म्हणून नवशिक्यांनी आधी तेच पक्के करावे, असे माझे मत आहे.

मिठाईसाठी रोजच्या बोलण्यातील शब्द ‘गूदिस’ हा आहे. मुलांना शनिवारी खाऊ देण्याच्या प्रथेला ‘लोर्दाग्सगूदिस’ म्हणतात, तोही त्यावरूनच. तरीही या वाक्प्रचारात ‘गूदिस’ घालू नये, कारण तसे केल्यास खरोखरच कोणाचा खाऊ गेला असे वाटते. त्याचप्रमाणे ‘एन’ हा निश्चयदर्शक प्रत्यय काढू नये आणि ‘माझी’ किंवा ‘आमची’ असे सर्वनामही जोडू नये.

हा वाक्प्रचार बोलण्यातला आहे, हेही विसरू नये. मित्रांच्या गप्पांत तो शोभतो, पण नोकरीच्या पत्रव्यवहारात, तक्रार अर्जात किंवा सरकारी कचेरीला लिहिलेल्या पत्रात शोभत नाही. तिथे ‘वोरा फोर्वेन्तनिंगार इन्फ्रीआदेस इन्ते’, म्हणजे ‘आमच्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत’, असे लिहावे. शंका आली, तर स्वीडिश अकादमीच्या शब्दकोशांत क्रियापदाखाली न शोधता ‘कॉनफेक्त’ या नामाखाली शोधावे.