डोंगरावर जाताय? वारुळाला हात लावू नका

गोव्यात केपें, काणकोण, सांगे साइडला डोंगर चढायला जाणाऱ्यांसाठी एक छोटीशी टीप. पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर जाणं सोपं, वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ आहे, गाडी बरीच वरपर्यंत जाते आणि मग पायऱ्या. पण वेळीप, गावडा, कुणबी वस्तीतल्या आतल्या डोंगरांवर बोर्डबिर्ड काही नसतो, झाडाखाली दोनचार दगड दिसतात आणि शेजारी लाल मातीचं उंच वारूळ. ते वारूळ म्हणजे सातेरी, वारुळाच्या रूपात पुजली जाणारी देवी! आपल्याकडचे हुशार लोक त्यात काठी घालून बघतात, मी स्वतः बघितलंय.

म्हणून आधी खाली वाड्यावर थांबा, एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा की वर जाऊ का, चपला कुठे काढायच्या, फोटो चालतो का. नको म्हटलं तर नको, वाद घालू नका. देवराणीतली, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातली, सुकी फांदीसुद्धा उचलायची नाही, चुलीला पण नाही.

ऑस्ट्रेलियात उलुरू या पवित्र मानल्या जाणाऱ्या प्रचंड खडकावर 26 ऑक्टोबर 2019 पासून चढणंच बंद केलंय, तिथले मूळ रहिवासी अनांगू लोक कित्येक वर्षं तेच सांगत होते. इथे अजून नुसतं विचारून काम होतं. आणि हो, चिप्सची पाकिटं खाली घेऊन या प्लीज.