विक्रीच्या भेटीत मोबाइल पळवला गेल्यास काय करावे

जुना मोबाइल ऑनलाइन जाहिरात देऊन परस्पर विकणे आता सर्रास झाले आहे आणि त्याबरोबर चोरीची एक ठरावीक पद्धतही रूढ झाली आहे. खरेदीदार म्हणून आलेला इसम फोन हातात घेतो, कॅमेरा तपासतो, "जरा उजेडात बघतो" म्हणत दोन पावले बाजूला होतो आणि चालू ठेवलेल्या दुचाकीवर मागे बसून निघून जातो. किंवा यातले काहीच न करता, पैसे पाठवल्याचा बनावट स्क्रीनशॉट दाखवून तो शांतपणे फोन घेऊन जातो. गर्दीत खिशातून फोन मारला गेलेल्या माणसापेक्षा या मालकाची अडचण वेगळी असते, कारण फोन त्याने स्वतःच्या हाताने दिलेला असतो. "तुम्हीच दिलात ना?" हा प्रश्न घरातही विचारला जातो आणि पोलीस ठाण्यातही. त्या संकोचापायी पुष्कळ जण तक्रारच करत नाहीत किंवा फोन हरवला असे लिहून देऊन मोकळे होतात. तसे अजिबात करू नये, आणि का करू नये हे पुढे सविस्तर सांगितले आहे. मात्र त्याआधी पहिल्या काही मिनिटांत करण्याची कामे आहेत.

पहिली काही मिनिटे

दुचाकीमागे धावू नये. गाडीचा क्रमांक, निदान त्यातील दिसलेले आकडे, गाडीचा रंग, पळालेल्याचे कपडे आणि तो गेला ती दिशा लगेच कुठेतरी लिहून घ्यावी आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. मारहाण झाली असेल किंवा शस्त्राचा धाक दाखवला असेल तर तेही याच वेळी सांगावे.

या प्रकारच्या चोरीत सर्वांत मोठा धोका असा, की फोन तपासायला दिलेला असल्यामुळे तो लॉक उघडलेल्या अवस्थेत चोराच्या हाती पडतो. म्हणून पहिले काम फोन दुरून लॉक करण्याचे. अँड्रॉइड फोनमध्ये चोरीपासून संरक्षणाच्या सेटिंगमधील 'रिमोट लॉक' आधीच चालू केलेले असेल, तर कोणाच्याही फोनवरून गूगलच्या 'रिमोट लॉक'च्या पानावर केवळ आपला मोबाइल क्रमांक टाकून फोन लॉक करता येतो. ते चालू नसेल तर गूगलच्या 'फाइंड हब'मध्ये, म्हणजे पूर्वीच्या 'फाइंड माय डिव्हाइस'मध्ये, आपल्या खात्याने लॉग इन करावे लागते. तेथे अनेकांची एक अडचण होते: पासवर्ड टाकल्यावर येणारा दुसऱ्या टप्प्याचा कोड चोरीला गेलेल्या फोनवरच जातो. अशा वेळी घरातील ज्या संगणकावर किंवा टॅबवर आपले खाते आधीपासून उघडे आहे, तेथून हे काम घरच्यांकडून करून घ्यावे. आयफोनच्या बाबतीत अॅपलच्या आयक्लाउड संकेतस्थळावरील शोधसुविधा त्या कोडाशिवायही उघडते. तेथून फोन 'लॉस्ट मोड'मध्ये टाकावा.

फोन लॉक करणे आणि त्यातील सर्व माहिती पुसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अँड्रॉइड फोन दुरून पुसला की त्यानंतर 'फाइंड हब'वर त्याचे ठिकाण दिसत नाही. त्यामुळे आधी लॉक करावे, ठिकाण दिसत असल्यास वेळेसह त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि पुसण्याचा निर्णय त्यानंतर घ्यावा. आपल्या खात्याच्या यादीतून तो फोन काढून मात्र टाकू नये. आयफोन यादीतून काढला की त्याचे सक्रियता-कुलूप, म्हणजे मालकाच्या पासवर्डशिवाय फोन चालू होऊ न देणारी सोय, निघते आणि चोराला तो फोन नव्यासारखा वापरता किंवा विकता येतो.

फोनमध्ये आपले सिमकार्ड असेल तर मोबाइल कंपनीला कळवून ते बंद करावे आणि बँकेच्या मदतक्रमांकावर सांगून यूपीआय व मोबाइल बँकिंग थांबवावे. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्यावी. खात्यातून पैसे गेलेच असतील, किंवा 'पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा' असे सांगून ते काढून घेतले असतील, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर नोंद करावी, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्याआधीच ती गोठवता येण्याची शक्यता असते.

पुरावा नाहीसा होण्याआधी

साध्या चोरीपेक्षा या चोरीत मालकाची बाजू एका बाबतीत बळकट असते: चोराने आधी आपल्याशी संपर्क साधलेला असतो. त्याचा क्रमांक, प्रोफाइल, संवाद, भेटीची ठरलेली जागा आणि ठरलेली किंमत हे सगळे कुठेतरी लिखित असते. मात्र तो प्रोफाइल बंद करू शकतो आणि पाठवलेले संदेश पुसू शकतो, म्हणून त्याला धमकीचा किंवा विनवणीचा एकही संदेश पाठवण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्यावेत. आपली जाहिरातही रागाच्या भरात लगेच काढू नये, कारण तिच्यात फोनची छायाचित्रे, तारीख आणि मागितलेली किंमत असते. विसार म्हणून किंवा खाते तपासण्यासाठी त्याने एक रुपया जरी पाठवला असेल, तरी त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने प्रत्येक व्यवहाराला दिलेला वेगळा क्रमांक) आणि त्याचा यूपीआय आयडी पोलिसांना थेट एका बँक खात्यापर्यंत नेऊ शकतो. खोट्या नावाने काढलेल्या प्रोफाइलपेक्षा हा धागा कितीतरी पक्का असतो.

भेटीच्या जागेभोवतीची दुकाने, सोसायट्या आणि एटीएम यांचे कॅमेरे त्याच दिवशी पाहून ठेवावेत. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते आणि पोलीस पत्र घेऊन येईपर्यंत ते शिल्लक राहीलच असे नाही. दुकानदार चित्रण हातात देणार नाही कदाचित, पण अमुक वेळेचे चित्रण राखून ठेवा, एवढी विनंती बहुतेक जण मान्य करतात. कोणत्या कॅमेऱ्यात काय दिसण्याची शक्यता आहे, हे तक्रारीत लिहावे.

फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे प्रत्येक हँडसेटचा स्वतंत्र ओळख क्रमांक, शोधणे हे याच टप्प्यावरचे काम आहे. तो पंधरा अंकी असतो आणि दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. दोन्ही लागतात. खोक्यावर आणि बिलावर ते छापलेले असतात. खोके टाकून दिले असेल तर ऑनलाइन खरेदीच्या जुन्या ऑर्डरमधून बिल पुन्हा उतरवून घेता येते. 'फाइंड हब'मध्ये फोनच्या नावाजवळील माहितीच्या चिन्हावर, तसेच अॅपल खात्याच्या उपकरणांच्या यादीतही तो क्रमांक सापडतो.

चोरी, हिसकावणे की फसवणूक

फोन पाहण्यासाठी हातात देणे म्हणजे तो घेऊन जाण्याची संमती देणे नव्हे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३०३ नुसार दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय आणि अप्रामाणिकपणे घेऊन जाण्यासाठी जागेवरून हलवणे ही चोरी होय. समोर उभा राहून फोन न्याहाळणाऱ्या माणसाला आपण तेवढ्यापुरती परवानगी दिलेली असते. तो घेऊन पळाला की ती परवानगी संपली. अचानक झटका मारून फोन ओढून नेला असेल तर हिसकावण्याचे कलम ३०४ लागू होऊ शकते आणि त्यासाठी इजा केली किंवा तात्काळ इजेची भीती दाखवली असेल तर ती कलम ३०९ खालील जबरी चोरी. उलट, पैसे आल्याचा खोटा संदेश दाखवून आपल्याकडून राजीखुशीने फोन घेतला असेल तर ती कलम ३१८ खालील फसवणूक आहे. तिच्या चौथ्या पोटकलमात ७ वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

कलम ठरवणे हे पोलिसांचे काम आहे. फिर्यादीचे काम एवढेच, की त्याने नेमके काय घडले ते क्रमाने आणि न लपवता सांगावे. "व्यवहारात फोन गेला" असे मोघम वाक्य लिहिले, की ते पैशाच्या देवघेवीचे दिवाणी भांडण आहे असे म्हणून बाजूला सारणे सोपे होते. तक्रारीचा गाभा साधारण असा असावा:

"दि. ___ रोजी सायंकाळी ___ वाजण्याच्या सुमारास ___ येथे, मी माझा ___ कंपनीचा मोबाइल (आयएमईआय क्र. १ ___, क्र. २ ___) विक्रीसाठी दाखवीत असताना, ___ या नावाने व ___ या क्रमांकावरून माझ्याशी संपर्क साधलेल्या इसमाने तो पाहण्याच्या बहाण्याने हातात घेतला आणि ठरलेली किंमत रुपये ___ न देता, माझी संमती नसताना तो घेऊन पळून गेला. मोबाइलची आजची अंदाजे किंमत रुपये ___ आहे. सदर इसमास पुन्हा पाहिल्यास मी ओळखू शकेन."

किमतीचा उल्लेख वगळू नये. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या वस्तूची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता न येणारी, ठरू शकते आणि मग तपासाची गतीच बदलते. ठरलेल्या किमतीचा संदेश सोबत जोडल्यास फोनची किंमत वादात सापडत नाही.

पोलीस ठाण्यात

ठाणे अंमलदाराकडे अर्ज दिल्यावर "गहाळ म्हणून नोंद करून घ्या, ब्लॉक करायला तेवढे पुरते" असा सल्ला मिळण्याची शक्यता असते. ब्लॉक करण्यापुरते, म्हणजे फोन देशभर बंद करण्यापुरते, ते खरेही आहे. परंतु गहाळ म्हणून नोंदलेल्या फोनच्या मागे आरोपी नसतो, त्यामुळे कॅमेऱ्याचे चित्रण, यूपीआय आयडी किंवा मोबाइल क्रमांकाचा तपशील मागवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. शिवाय विमा असल्यास आणि त्यात चोरी समाविष्ट असल्यास कंपनी बहुधा प्रथम खबर अहवालच (एफआयआर) मागते. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर घरबसल्या करता येणारी नोंद हरवलेल्या वस्तूंसाठी आहे, पळवलेल्या वस्तूंसाठी नाही. या मुद्द्यावर नम्रपणे, पण ठाम राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हद्दीच्या कारणावरून परत पाठवले जात असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, देता येते हे सांगावे. अशी नोंद 'झिरो एफआयआर' म्हणून ओळखली जाते आणि नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होते. भेट रेल्वे स्थानकाच्या आवारात झाली असेल तर तपास लोहमार्ग पोलिसांकडे जातो. दादर किंवा ठाण्यासारख्या स्थानकावर भेटायचे ठरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे, म्हणजे दोन ठाण्यांमधील हेलपाटा वाचतो. त्याच कलमानुसार खबर इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत प्रत्यक्ष जाऊन तिच्यावर सही करावी लागते. अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. नोंद घेण्यास नकारच मिळाला तर पोलीस अधीक्षकांकडे, आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस उपायुक्तांकडे, लेखी अर्ज टपालानेही पाठवता येतो. त्यानंतरही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

फोन देशभर बंद करणे

तक्रारीची प्रत हाती आली की दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवरील सीईआयआर (मोबाइल उपकरणांची मध्यवर्ती नोंदवही) या सुविधेत फोन ब्लॉक करावा. ही सुविधा महाराष्ट्रात २०१९ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि मे २०२३ पासून देशभर लागू झाली. अर्जात दोन्ही आयएमईआय, घटनेची तारीख व जागा, पोलीस ठाणे, तक्रार क्रमांक आणि ओळखपत्र द्यावे लागते आणि तक्रारीची प्रत जोडावी लागते. अर्ज ओटीपीने पुरा होतो. सिमही फोनबरोबर गेले असेल तर त्याच क्रमांकाचे नवे सिम आधी घ्यावे. मात्र बदललेल्या सिमवर एसएमएसची सुविधा सुरू होण्यास २४ तासांपर्यंत वेळ लागतो. ओटीपी येत नाही म्हणून पोर्टल बिघडले आहे असे समजून अर्ज सोडून देणारे लोक या एका कारणाने मागे राहतात.

ब्लॉक केल्यावर फोन माग काढण्यासाठी निकामी होतो, हा समज चुकीचा आहे. बंद केलेल्या फोनमध्ये कोणी सिम टाकून तो नेटवर्कवर आणण्याचा प्रयत्न केला की त्याची माहिती पोलिसांपर्यंत पोहोचते. अर्जाचा विनंती क्रमांक तपासी अंमलदाराला लेखी द्यावा आणि मधूनमधून विचारणा करावी.

नंतरचे काही आठवडे

या काळात "आपला आयफोन सापडला आहे" असे सांगून एक दुवा पाठवणारा संदेश येण्याची दाट शक्यता असते. त्या पानावर टाकलेला पासवर्ड चोराच्या हाती जातो आणि तो लगेच सक्रियता-कुलूप काढून टाकतो. असा दुवा उघडू नये, संदेश मात्र जपून ठेवावा. नकाशावर फोनचे ठिकाण दिसले तरी मित्रांना घेऊन तेथे जाऊ नये. दाट वस्तीत तो ठिपका शेजारच्या इमारतीचाही असू शकतो, आणि निरपराध माणसावर आळ घेण्याची किंवा मार खाण्याची वेळ येते. तोच फोन पुन्हा विक्रीला लागलेला दिसल्यास जाहिरातीचा स्क्रीनशॉट पोलिसांकडे द्यावा. खोटा ग्राहक बनून एकट्याने सापळा रचू नये.

फोन सापडला की तो मुद्देमाल असतो. गुन्हा दाखल असल्यास तो परत मिळवण्यासाठी न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि सहसा हमीपत्र लिहून दिल्यावर तो ताब्यात मिळतो. त्या वेळी बिल आणि ओळखपत्र लागते. फोन घरी आणल्यावर 'संचार साथी' पोर्टलवर जुना विनंती क्रमांक टाकून तो अनब्लॉक करावा लागतो, नाहीतर कोणतेही सिम त्यात चालत नाही. हाच फोन पुन्हा विकायचा असेल तर अनब्लॉक झाल्याची खात्री करूनच जाहिरात द्यावी. भेटीच्या वेळी आपले सिम काढून ठेवावे, पण खाते व स्क्रीन लॉक तसेच ठेवावे. पैसे आपल्या बँकेच्या अॅपमध्ये जमा दिसल्यावरच, खरेदीदारासमोर, फोन रिसेट करावा. दोन्ही आयएमईआय, किंमत, तारीख आणि खरेदीदाराच्या ओळखपत्राचा तपशील लिहिलेल्या पावतीवर दोघांनी सह्या करून एकेक प्रत ठेवावी.