पसारा काढताय? मग या चुका टाळा

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या जिन्यात वस्तू उगवतात. तिसऱ्या मजल्यावर पाय मोडलेली खुर्ची, चौथ्यावर ट्रेडमिल, लिफ्टच्या बाजूला लग्नात आलेला डिनर सेट, खोक्यासकट. कुणीतरी मोबाइलवर पांढऱ्या भिंती आणि एकच कुंडी असलेलं घर बघितलेलं असतं आणि 'यंदा मिनिमलिझम' असं ठरलेलं असतं. मी मुलुंडमधल्या एका जुन्या सोसायटीचा अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. लोकांच्या घरातून काय बाहेर पडतं आणि त्यातलं काय शोधत ते परत येतात, हे मी रोज बघतो.

तेव्हा आधी जिन्याचंच बोलतो. जिना हा तुमचा पोटमाळा नाही. आग लागली तर लिफ्ट बंद आणि खाली यायला तेवढाच रस्ता. २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याचा कागद मी नोटीस बोर्डावर लावून थकलो. 'काका, दोन दिवसांत उचलतो' म्हणणाऱ्याचे दोन दिवस मी होळीपर्यंत मोजलेत. वस्तू घ्यायला येणारा माणूस दारात उभा राहिल्याशिवाय ती उंबऱ्याबाहेर काढायची नाही.

आता खरं दुखणं, म्हणजे कागद.

'वर्षभर हात लागला नाही ते काढून टाका' हा नियम शर्टांना ठीक आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने तो वडिलांच्या ट्रंकेला लावला. दोघंही नोकरीवाले, सुट्टी काय ती शनिवार-रविवार, त्यामुळे सगळं घर दोन दिवसांत मोकळं करायचा चंग बांधलेला. रद्दीवाला आला, अडतीस किलो भरली, किलोला चौदाच्या भावाने पाचशे बत्तीस रुपये मिळाले. त्याच रात्री त्यांनी बाहेरून बिर्याणी मागवली. मला माहीत आहे, कारण मलाही एक डबा आला होता.

आठ महिन्यांनी त्यांना ठाण्याला मोठा फ्लॅट घ्यायचा होता, म्हणून हा विकायला काढला. गिऱ्हाईक कर्ज काढणारं. त्याच्या बँकेने सोसायटीचं मूळ शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदत्वाचा दाखला, आणि आधीचे सगळे मूळ करारनामे मागितले. दोघं माझ्याकडे धावत आले. 'काका, तुमच्याकडे कॉपी असेल ना?' रजिस्टरात नोंद होती, पण नोंद बँकेला चालत नाही. मग निघाली वरात: हरवल्याची पोलिसांत तक्रार, स्टॅम्प पेपरवर हमीपत्र, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, कुणाची हरकत येते का म्हणून थांबणं, कमिटीचा ठराव. त्यांच्या नावच्या करारनाम्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून मिळाली. पण बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेला करारनामाही त्याच ट्रंकेत होता, तो कुठून आणणार? गिऱ्हाईक दीड महिना थांबलं आणि भांडुपला दुसरं घर घेऊन मोकळं झालं. शेअर सर्टिफिकेट म्हणजे पन्नास-पन्नास रुपयांचे पाच शेअर, दर्शनी अडीचशे रुपयांचा कागद. दीड खोलीचं घर त्यावर लटकलेलं असतं.

माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही. घरात एक लाल रेक्झिनची फाइल. तिच्यात शेअर सर्टिफिकेट, आपला आणि आपल्या आधीच्या मालकांचे करारनामे, नोंदणीची पावती, इंडेक्स टू म्हणजे त्या नोंदणीचा सरकारी उतारा, नॉमिनेशनची पोच. वडिलांच्या नावचे कंपन्यांचे जुने कागदी शेअर सापडले तर तेही तिथेच. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर तसेच विकता येत नाहीत, आधी डीमॅट, म्हणजे कागदावरून इलेक्ट्रॉनिक खात्यात, करावे लागतात. एवढं ऐकून लोक ते फाडायला निघतात. अहो, पैसे त्यात अजून असतात.

ही फाइल दिवाणाच्या पोटात ठेवू नका, तळमजल्यावर तर नाहीच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेव्हा कलिन्याला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या घरातला सगळा पसारा एका रात्रीत निकालात निघाला. त्यात तिची एलआयसीची पॉलिसीही होती.

राहिलेल्या कागदांपैकी ज्यांवर खाते नंबर, आधार नंबर असेल ते रद्दीत सरळ घालू नका. मी एकदा शेंगदाण्याची पुडी उलगडली, तर आत कुणाच्या तरी आधार कार्डाची झेरॉक्स होती, फोटोसकट. मी असे कागद बादलीत रात्रभर भिजत घालतो आणि सकाळी त्यांचा लगदा करतो. श्रेडर घ्या म्हणणारे भेटतात. पसारा कमी करायला मशीन विकत घ्यायचं म्हणजे कमाल आहे.

तीच गोष्ट डब्यांची. पसारा काढायच्या आधीच क्रॉफर्ड मार्केटला जाऊन प्लॅस्टिकचे मोठे पारदर्शक डबे आणणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. महिन्याभराने जाऊन बघा, तोच पसारा झाकण लावून रचलेला असतो आणि भिंतीला आणखी एक थप्पी लागलेली असते.

सुरुवात माळ्यापासून करू नका. दोन तासांत तुम्ही शाळेच्या वह्या वाचत बसलेले असाल आणि खाली घरभर धूळ. आधी स्वयंपाकघरातला एक ओटा किंवा एक कपाट घ्या, बस.

पावसाळ्यात तर हात घालूच नका. गठ्ठे दारात ओले होतात, कपड्यांना बुरशीचा वास येतो आणि मग ते कुणी घेत नाही. मे महिना बरा, पितृपक्षातला कोरडा आठवडाही चालतो.

जुने मोबाइल, चार्जर, फुगलेल्या बॅटऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. वायरीतलं तांबं काढायला ती जाळतात, आणि फुगलेली बॅटरी गठ्ठ्यात दाबली गेली तर पेट घेऊ शकते. ई-कचरा घेणाऱ्यालाच द्या, फोन रीसेट करून. कापसाची गादी असेल तर पिंजणाऱ्याला विचारा, तो कापूस घेईल. फोमच्या गादीला मात्र सहज कुणी वाली मिळत नाही. पुढची गादी घेताना हे आठवा.

आणि फाटके कपडे 'दान' म्हणून देऊ नका. माझ्या माहितीतल्या एका आश्रमात दिवाळीनंतर आलेले गठ्ठे उघडायलाच दोन बायका बसवाव्या लागल्या. बटण नसलेले शर्ट, एकेक मोजा. धुतलेलं, घडी केलेलं, आपण स्वतः घालू असं असेल तरच द्या. बाकीच्याची फडकी करा.

शेवटची चूक माझी स्वतःची आहे. दुसऱ्याच्या वस्तू काढायची. माझी आई पंचाऐंशीची. तिच्या कपाटात वर्षानुवर्षं दोन जुनी लुगडी पडून होती, घडीवर पिवळी पडलेली. एका दुपारी ती झोपली असताना दारावर बोहारीण आली. मी मोठा व्यवहारी. दोन्ही लुगडी दिली आणि बदल्यात तीन लिटरचं स्टीलचं पातेलं घेतलं, वर घासाघीस करून झाकणही मिळवलं. संध्याकाळी बायको आली, तिने कपाळाला हात लावला. एकाच्या काठाला खरी जर होती, म्हणजे चांदी. ती वजनावर घेणारे लोक असतात. पण आईचं म्हणणं वेगळंच होतं. ती लुगडी तिने नातीच्या पहिल्या बाळाच्या गोधडीसाठी ठेवली होती. मऊ झाली होती ना, म्हणून. आरडाओरडा केला नाही तिने, फक्त 'विचारायचंस रे' एवढंच म्हणाली.

आता मी तिच्या कपाटाला एकटा हात लावत नाही. स्टूल घेऊन शेजारी बसतो आणि एकेक साडी तिच्या मांडीवर ठेवतो. मग ती कुठे घेतली, कुणाच्या मुंजीत नेसली, त्या मुंजीत कोण रुसलं, सगळं ऐकायचं. चार साड्यांना अख्खी दुपार जाते. दोन दिवसांत घर मोकळं करणाऱ्यांना हे जमणार नाही, पण या चालीने तिने स्वतःहून अकरा पातळं काढून कामाच्या बाईंना दिली.

ते पातेलं अजून आहे. आई त्यात दूध तापवू देत नाही. नासेल म्हणते.