१९०३च्या टूर दि फ्रान्सचा निकालतक्ता कसा वाचावा

टूर दि फ्रान्स या टप्प्याटप्प्यांच्या सायकल शर्यतीच्या पहिल्या वर्षाचा निकालतक्ता हाती आला की विजेत्याच्या नावाआधी अंतरांचा रकाना पाहावा. टप्पे अवघे सहा, पण एकूण अंतर २,४२८ किलोमीटर. पॅरिस ते ल्यों हा पहिलाच टप्पा ४६७ किलोमीटरचा, म्हणजे मुंबई-पुणे अंतराच्या सुमारे तिप्पट, आणि सर्वांत लहान तुलूज-बोर्दो टप्पाही २६८ किलोमीटरचा होता.

त्यानंतर वेळ पडताळून पाहावी. १ जुलैला दुपारी ३ वाजून १६ मिनिटांनी शर्यत सुटली आणि अंतिम विजेता मोरिस गारँने पहिल्या टप्प्याला १७ तास ४५ मिनिटे १३ सेकंद घेतले. ही बेरीज केली की तो दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास ल्योंला पोहोचल्याचे आणि अख्खी रात्र सायकलवर काढल्याचे ध्यानात येते. तक्त्यात टप्प्यांच्या तारखांमध्ये दिवसांचे अंतर का दिसते, याचे उत्तर येथेच मिळते.

वाचणाऱ्याची खरी फसगत टप्पाविजेत्यांच्या रकान्यात होते. दुसरा आणि तिसरा टप्पा इपोलित ओकूत्युरिएने जिंकला, तरीही एकूण क्रमवारीत त्याचे नाव सापडत नाही, कारण पोटाच्या त्रासामुळे त्याने पहिला टप्पा अर्धवट सोडला होता, आणि अशा स्वाराला पुढच्या टप्प्यात उतरून त्या टप्प्याचे बक्षीस मिळवता येत असले तरी एकूण क्रमवारीत स्थान मिळत नसे. चौथ्या टप्प्याचा विजेता, स्वित्झर्लंडचा शार्ल लेझर, याचीही गत तीच. म्हणून हे दोन रकाने स्वतंत्र हिशेब समजूनच वाचावेत.

सरासरी वेग काढताना मिनिटे-सेकंदांचे आधी तासांत रूपांतर करावे: गारँचे ९४ तास ३३ मिनिटे १४ सेकंद म्हणजे ९४.५५ तास, आणि २,४२८ला त्याने भागल्यास ताशी सुमारे २५.७ किलोमीटर येतात. एकच गिअर, कच्चे रस्ते आणि रात्रीचा अंधार पाहता हा आकडा मला तरी थक्क करतो. दुसऱ्या क्रमांकाचा लुसियाँ पोतिए जवळपास तीन तास मागे होता, शेवटचा स्वार तर ६४ तासांहून अधिक. सुटलेल्या ६० जणांपैकी पोहोचले २१.

तक्त्यासोबतच्या मजकुरात पिवळ्या जर्सीचा उल्लेख असेल, तर तो भाग बाजूला ठेवावा. एकूण क्रमवारीतील आघाडीवीराची ती जर्सी १९१९मध्ये आली, १९०३च्या आघाडीवीराच्या दंडावर हिरवी पट्टी असे.

१९०४च्या तक्त्याला हीच पद्धत लावण्यापूर्वी तो कधी छापला आहे हे पाहावे, कारण त्या वर्षअखेरीस गारँसह पहिले चौघे अपात्र ठरले आणि पाचवा आलेला १९ वर्षांचा आंरी कॉर्ने विजेता झाला.