पेडल नसलेली ट्रिक्के पळवायची कशी

ट्रिक्केला ना पेडल, ना चेन. ब्राझीलच्या जिल्डो बेलेस्की यांच्या कल्पनेतली ही तीनचाकी पळते ती अंगाच्या झोकावर.

आधी हँडल कमरेच्या उंचीला आणा आणि गाडीची घडी उघडून तिचा लॉक पक्का बसलाय ना, ते हलवून बघा. सुरुवातीला किंचित उताराचा, गुळगुळीत, मोकळा डांबरी रस्ताच निवडा. एक पाय मागच्या चाकाजवळच्या, उभं राहायच्या पाटीवर ठेवून दुसऱ्याने दोन-तीन वेळा रेटा द्या, मग दोन्ही पाय पाट्यांवर. गुडघे सैल ठेवा.

आता हँडल उजवीकडे वळवत त्याच बाजूला झुकवा आणि अंगाचा भारही तिकडे न्या. वळण पूर्ण होत आलं, वेग मरायच्या आत, तेच डावीकडे. तिन्ही चाकं जमिनीवरच राहिली पाहिजेत.

नवशिके नुसतं हँडल हलवत बसतात. भार सरकत नाही, म्हणून गाडी जागीच रखडते. जोर पाय आणि कमरेतून यायला हवा, दंडातून नाही. दंड दुखले तर हेच चुकतंय.

पॉलियुरेथेनची (कडक, रबरासारख्या प्लास्टिकची) चाकं ओल्या रस्त्यावर घसरतात, वाळूतही. खडबडीत रस्त्याला हवेचे टायर बरे. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं पुरे. हेल्मेट हवंच.