मुलानं लोहचुंबक गिळला तर केळं भरवत बसू नका
कोल्हापुरात महाद्वार रोडला खेळणी घेताना चकाकत्या चुंबकी गोळ्यांचा डबा दिसला, तर घरात लहान मूल असताना तो घेऊच नका. साबुदाण्यापेक्षा जरा मोठ्या या गोळ्या निओडिमियमच्या असतात, फ्रिजवरच्या साध्या चुंबकापेक्षा कितीतरी ताकदीच्या. एक गोळी बहुधा शौचावाटे निघून जाते. दोन गेल्या, किंवा एक गोळी आणि एखादा लोखंडी तुकडा गेला, की खरा घोळ. आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून त्या एकमेकींना ओढतात, मधली भिंत चिमटली जाते, रक्तपुरवठा तुटतो आणि आतड्याला भोक पडतं. सुरुवातीला मूल खुशाल खेळत असतं; उलटी, पोटदुखी, ताप नंतर येतो आणि घरचे ‘काहीतरी बाधलं असेल’ म्हणत बसतात.

नुसता संशय आला तरी लगेच सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. उलटी करवू नका, खायला-प्यायला काही देऊ नका. आजी केळं पुढे करेल, तिलाही थांबवा. किती गिळल्या हे मूल नीट सांगत नाही, म्हणून उरलेल्या गोळ्या सोबत न्या आणि डॉक्टरांना ‘लोहचुंबक’ असं स्पष्ट सांगा. एका बाजूच्या एक्स-रेत चिकटलेल्या दोन गोळ्या एकच दिसू शकतात, त्यामुळे डॉक्टर तो बहुधा दुसऱ्या बाजूनंही काढतात.