कारखान्यातील कामगारांच्या हात, खांदा व मनगटाच्या तक्रारींची पाहणी कशी करावी

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत किंवा विट्याच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या कामगाराला सुपरवायझरच्या देखत “हात दुखतो का?” असे विचारले, तर बहुधा “नाही साहेब, काही नाही” एवढेच उत्तर मिळते. कंत्राटावर असलेल्या माणसाला कामाची पाळी जाण्याची धास्ती असते आणि कायम कामगाराला काम बदलून कमी पगाराच्या जागी टाकतील असे वाटते. त्यामुळे पाहणी कारखान्याचे डॉक्टर करोत, सुरक्षा अधिकारी करोत की फिजिओथेरपिस्ट, कामगाराशी एकट्याने बोलावे आणि त्याने दिलेली माहिती नावानिशी व्यवस्थापनाकडे जाणार नाही हे आधीच स्पष्ट करावे. हे आश्वासन देता येत नसेल, तर पाहणी सुरूच करू नये.

प्रथम काम पाहावे, तेही शक्यतो पाळीच्या शेवटच्या तासांत, कारण थकलेल्या हाताची ढब सकाळपेक्षा वेगळी असते. एकच हालचाल मिनिटाला किती वेळा होते, मनगट वाकलेले राहते का, हात खांद्याच्या वर किती वेळ जातो, पकडीला किती जोर लागतो आणि मध्ये विसावा मिळतो का, हे टिपून घ्यावे. फेटलिंग विभागात, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करतात तिथे, ग्राइंडर चालवणाऱ्यांच्या बाबतीत यंत्राची थरथर हा स्वतंत्र मुद्दा ठेवावा आणि थंडीत बोटे पांढरी पडून बधिर होतात का, हे आवर्जून विचारावे.

त्यानंतर शरीराचे साधे चित्र समोर ठेवून दुखणारी जागा दाखवायला सांगावी. गेल्या १२ महिन्यांत आणि गेल्या ७ दिवसांत त्रास झाला का, असे दोन वेगळे प्रश्न विचारावेत. स्नायू-सांध्यांच्या त्रासाची नोंद घेण्यासाठी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक प्रश्नावलीची हीच पद्धत आहे. साप्ताहिक सुट्टीत हात हलका वाटतो आणि कामावर आल्यावर पुन्हा भरून येतो, असे कामगार सांगत असेल, तर दुखण्याचा कामाशी संबंध असण्याची शक्यता वाढते. मात्र जुनाट दुखण्यात सुट्टीनेही आराम पडत नाही, हे विसरू नये.

पाहणीचा गाभा म्हणजे हाताने काय करता येते आणि काय येत नाही, हे मोजणे. त्यासाठी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली डॅश (DASH, म्हणजे बाहू, खांदा व हाताच्या अडचणींची) प्रश्नावली उपयोगी पडते. तिच्यात ३० प्रश्न आहेत आणि ते गेल्या आठवड्यातील अडचणींविषयी आहेत: घट्ट झाकण उघडणे, किल्ली फिरवणे, जड वस्तू उचलून नेणे, दुखण्यामुळे झोप मोडणे. प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण असतात. गुणांची सरासरी काढून तीतून १ वजा करावा आणि उरलेल्या संख्येला २५ ने गुणावे. समजा, ३० उत्तरांची बेरीज ७५ आली, तर सरासरी २.५, वजाबाकीनंतर १.५ आणि अंतिम गुण ३७.५ होतात. शून्य म्हणजे काहीच अडचण नाही, तर १०० म्हणजे कमाल अडचण. तीनपेक्षा जास्त प्रश्न कोरे राहिले असतील, तर हिशेब करू नये. कामाविषयी चार प्रश्नांचा पुरवणी भागही आहे. त्याचे गुण वेगळे काढतात आणि त्यातला एकही प्रश्न कोरा चालत नाही.

वाचता न येणाऱ्यांना प्रश्न वाचून दाखवावेत, पण उत्तर सुचवू नये. भाकरी थापताना किंवा धुणे पिळताना हात अडतो का, ही माहिती स्त्री कामगारांकडून जरूर घ्यावी. ती मूळ प्रश्नांत न मिसळता बाजूला लिहावी, नाहीतर गुणांची तुलना निरर्थक होते. हे गुण अडचणीचे प्रमाण सांगतात. रोग कोणता, हे त्यांवरून कळत नाही.

रोग ओळखण्यासाठी हात तपासावा लागतो आणि ते प्रशिक्षित व्यक्तीचे काम आहे. हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान चमक निघाली, तर खांद्याच्या स्नायुबंधांकडे लक्ष द्यावे. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येत असतील, तर मनगट मिनिटभर वाकवून त्या पुन्हा येतात का ते पाहावे. मधुमेह, थायरॉइड आणि गरोदरपण यांतही अशा मुंग्या येतात, म्हणून त्यांची विचारपूस केल्याशिवाय सगळा दोष कामावर टाकू नये.

अंगठ्याच्या मुळाशी मांस झडलेले दिसणे, पकड अचानक सुटणे किंवा तापासह सांधा सुजणे, यांपैकी काही आढळले तर प्रश्नावली बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे पाठवावे. डाव्या हाताच्या दुखण्याबरोबर छाती भरून येत असेल किंवा घाम फुटत असेल, तर ते हृदयाचे दुखणे समजून क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

शेवटी नावे वगळून, विभागवार नोंद तयार करावी. एकाच यंत्रावरील अनेकांची तक्रार एकाच जागेची असेल, तर माणसांना गोळ्या देण्याआधी त्या यंत्राची उंची, मूठ आणि कामाची गती बदलावी. बदलानंतर काही महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यावी. एखाद्याच्या गुणांत सुमारे १० पेक्षा कमी फरक पडला असेल, तर सुधारणा झाली असे घाईने लिहू नये.